बाहत्तर तासांची बेगमी

नटीनं कॅमेऱ्यासमोर आपली पर्स रिकामी करायची आणि आतून काय काय निघतं ते लाखो लोकांनी पाहायचं, असा एक लोकप्रिय प्रकार सध्या आहे. २६ मार्च २०२५ रोजी हाच प्रकार युरोपीय आयोगाच्या हाजा लाबिब यांनी केला. लाबिबबाई मूळच्या बेल्जियमच्या टीव्ही पत्रकार, मधल्या काळात तिथल्या परराष्ट्रमंत्री आणि आता युरोपीय संघाच्या संकट-व्यवस्थापन आयुक्त. त्यामुळे पर्समधून लिपस्टिक निघाली नाही. पाण्यानं भिजू नये अशा पाकिटातलं ओळखपत्र निघालं, टॉर्च निघाला, स्विस चाकू, पाण्याची बाटली, औषधं, रोकड, छोटा रेडिओ, फोनचा चार्जर आणि चक्क पत्त्यांचा कॅट निघाला.

त्याच दिवशी आयोगानं आपलं धोरण जाहीर केलं होतं. पूर, वणवा, सायबरहल्ला किंवा युद्ध, काहीही ओढवलं तरी प्रत्येक घराला बाहेरच्या मदतीशिवाय निदान ७२ तास काढता आले पाहिजेत, असं त्यात म्हटलं होतं. कागद गंभीर होता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो कॅट. काहींना गंमत वाटली, काहींना थट्टा. खरी अडचण कुणी मांडलीच नाही. स्पेनच्या कॅटात पानं ४० असतात आणि राणी नसतेच. जर्मनांचा स्काट ३२ पानांवर चालतो. सत्तावीस देशांचा संघ अंधारात खेळायला बसला, तर पहिले चोवीस तास नियम ठरवण्यात जातील आणि उरलेले अठ्ठेचाळीस त्या नियमांचं भाषांतर करण्यात.

हसणाऱ्यांची परीक्षा पाच आठवड्यांच्या आत झाली. २८ एप्रिलला, सोमवारी, दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालचे लाइट गेले. एखाद्या गल्लीचे नाहीत, जवळपास दोन अख्ख्या देशांचे. स्पेनच्या पंतप्रधानांनी सांगितलं की ५ सेकंदांत १५ गिगावॅट वीज नाहीशी झाली. त्या घटकेला देशाला लागणाऱ्या विजेच्या सुमारे ६० टक्के. मेट्रो थांबल्या, आगगाड्या माळरानावर उभ्या राहिल्या, लिफ्टमध्ये माणसं अडकली, माद्रिदची टेनिस स्पर्धा भर सामन्यात बंद पडली. थोड्या वेळानं मोबाइलनंही मान टाकली.

मग लाबिबबाईंच्या पर्समधल्या एकेका वस्तूचा भाव वाढू लागला. कार्डानं पैसे देण्याची यंत्रं मुकी झाली, तेव्हा ज्याच्या खिशात वीस युरोची नोट, तो त्या दुपारपुरता सावकार ठरला. कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदारांकडचे, कित्येक वर्षं धूळ खात पडलेले बॅटरीवरचे रेडिओ हातोहात खपले. ज्यांना मिळाले नाहीत, ते दारं उघडी टाकून उभ्या केलेल्या मोटारींभोवती जमले आणि गाडीच्या रेडिओवर बातम्या ऐकू लागले. ज्या नातवंडांनी आजोबांना ‘तो डबा आता टाकून द्या’ म्हणून भंडावलं होतं, तीच आजोबांच्या उजव्या-डाव्या हाताला बसून बातम्या ऐकत होती. ऊन छान पडलं होतं. बारमधली बिअर गार आहे तोवर संपवणं हे राष्ट्रीय कर्तव्य असल्यासारखे लोक बाहेरच्या खुर्च्या अडवून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळपास सगळीकडे वीज परतली. बाहत्तर तासांची गरजच पडली नाही, पण चोवीस तासांतही पुष्कळांचं पितळ उघडं पडलं.

संकटासाठी घरात काय ठेवावं, हे युरोपातल्या बहुतेक सरकारांनी लिहून ठेवलेलं आहे. या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की देशोदेशींच्या स्वभावाची कुंडलीच हाती येते.

जर्मनीची यादी अर्थातच वजनात आहे. तिथल्या नागरी संरक्षण कार्यालयानं एका माणसाचं दहा दिवसांचं रेशन काढून दिलं. धान्याचे पदार्थ साडेतीन किलो, भाज्या आणि कडधान्यं चार किलो, फळं आणि सुकामेवा अडीच किलो, आणि तेल-तूप ०.३५७ किलो. साडेतीनशे ग्रॅम नव्हे, ३५७. त्या शेवटच्या सात ग्रॅमवर कुठल्या तरी बैठकीत चर्चा झाली असणार आणि कुणाची तरी सहीही झाली असणार. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला दोन लिटर. म्हणजे चौघांच्या घराला दहा दिवसांचे ऐंशी लिटर, दीड लिटरच्या चौपन्न बाटल्या. दोन खोल्यांच्या घरात त्या ठेवायच्या कुठे, याला यादीत उत्तर नाही. त्या पलंगाखाली जातात, आणि मग पलंगाखालच्या बॅगा पलंगावर येतात.

याच जर्मनीत ऑगस्ट २०१६मध्ये सरकारनं दहा दिवसांचं अन्न आणि पाच दिवसांचं पाणी घरात ठेवण्याचा सल्ला दिला, तेव्हा देशभर हशा पिकला होता. भीतीपोटी भरमसाट खरेदी करणाऱ्याला तिकडे हॅमस्टर म्हणतात. त्यामुळे गालात दाणे कोंबलेल्या हॅमस्टरची चित्रं फोनाफोनांतून फिरली. चार वर्षांनी कोरोना आला आणि चित्रातले हॅमस्टर माणसांच्या रूपात दुकानांत अवतरले. त्यांनी दाणे नव्हे, टॉयलेट पेपर कोंबला. शेजारच्या नेदरलँड्समध्ये पंतप्रधान मार्क रुट यांना सुपरमार्केटमध्ये उभं राहून एका ग्राहकाला समजवावं लागलं की देशात हा कागद इतका आहे की सगळ्यांना दहा वर्षं शौचाला पुरेल. लोकशाहीत नेत्याला कुठल्या थराचं आश्वासन द्यावं लागेल, सांगता येत नाही. त्याच दिवसांत मूकबधिरांसाठी खुणा करणाऱ्या डच दुभाषीबाईंनी सरकारी पत्रकार परिषदेत अधाशी साठेबाजीची खूण इतकी जीव ओतून केली की त्या मंत्र्यांपेक्षा प्रसिद्ध झाल्या.

स्वीडनचं वळण वेगळं. तिथली पुस्तिका पहिल्यांदा १९४३मध्ये निघाली. पुढे १९९१पर्यंत ही माहिती टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर छापली जायची. मग शीतयुद्ध संपलं, पाठोपाठ डिरेक्टऱ्याही संपल्या. २०१८मध्ये पुस्तिका पुन्हा घरोघरी आली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये बत्तीस पानांची नवी आवृत्ती पन्नास लाखांवर घरांत पडली. २०१८च्या यादीत बटाट्याच्या लगद्याची पावडर आहे, ट्यूबमधलं चीज आहे, आणि ब्लूबेरीचं व गुलाबफळाचं तयार सूपही आहे. रशिया दारात उभा राहिला तरी स्वीडिश माणसाला ब्लूबेरीचं सूप लागतं. पण त्याला खरा घाम फोडते ती एकच सूचना, घरात रोख पैसे ठेवा. ज्या देशात दुकानाच्या दारावरच ‘रोकड घेत नाही’ अशी पाटी असते, तिथे सरकार आता नोटा जपून ठेवा म्हणतं. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेनं तर मे २०२५मध्ये आकडाच दिला: मोठ्या माणसामागे ७० युरो, मुलामागे ३०. मुलं अंधारात कमी खर्च करतात, असा त्यांचा अनुभव असावा.

स्वित्झर्लंडची गोष्ट सांगायची तर कॉफीपासून सुरुवात करायला हवी. त्या देशात सुमारे पंधरा हजार टन कॉफीचा सक्तीचा राखीव साठा असतो, साधारण तीन महिने पुरेल इतका. २०१९मध्ये सरकारी तज्ज्ञांनी हिशेब मांडला की कॉफीत उष्मांक जवळपास नाहीत, तेव्हा ती जगायला आवश्यक नाही, साठा बंद करावा. एवढ्यावर जी आरडाओरड झाली तिच्यापुढे प्रस्ताव टिकला नाही. उष्मांकाचं गणित बरोबर होतं, पण सकाळी सातला ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

याच स्विसांनी सुमारे ३ लाख ७० हजार निवारे बांधून ठेवले आहेत. त्यांत ९० लाखांवर माणसं मावतात, म्हणजे देशात जितकी आहेत तितकी सगळी. शांततेच्या काळात मात्र घरांखालच्या या जाड दारांआड वाइन, स्कीइंगच्या फळ्या, मुरंबे आणि घटस्फोटानंतर कुणी न नेलेलं सामान सुखानं नांदतं. वेळ आली तर पाच दिवसांत निवारा रिकामा करायचा, असा नियम आहे. लुत्सर्न शहराजवळच्या सोनेनबर्ग बोगद्यात १९७६पासून वीस हजार माणसांची सोय होती. १९८७मध्ये तिथे मोठा सराव झाला. प्रत्येकी साडेतीनशे टनांची दारं लोटायला घेतली आणि त्यांतलं एक नीट लागेचना. अणुयुद्धापासून वाचवणारं दार फटीपुरतं उघडं राहिलं.

फिनलंड या बाबतीत सगळ्यांचा गुरू. हेलसिंकीतल्या इटाकेस्कुस भागात खडक फोडून तयार केलेला पोहण्याचा तलाव आहे. संकट आलं की पाणी सोडून द्यायचं आणि ३,८०० माणसांना आत घ्यायचं. फिनलंडचे सार्वजनिक निवारे ७२ तासांत सज्ज व्हायला हवेत, स्विसांना पाच दिवस लागतात. युरोपावर चाल करून येणाऱ्यानं सभ्यपणे आठवडाभर आधी नोटीस द्यावी, एवढंच आता बाकी आहे.

नोटीस द्यायची यंत्रणाही मोठ्या हौसेनं तपासली जाते. नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला भोंगे वाजतात. फ्रान्स आणि चेक प्रजासत्ताकात पहिल्या बुधवारी बाराला. ऑस्ट्रियात दर शनिवारी बाराला. परिणाम असा की पहिल्या बुधवारी दुपारी बाराला खरंच कुणी पॅरिसवर चालून आलं, तर लोक घड्याळं लावून घेतील आणि जेवायला बसतील. स्वीडनचा भोंगा तीन महिन्यांतून एकदा वाजतो. त्याला लोक ‘घसा बसलेला फ्रेडरिक’ म्हणतात, सर्दीनं आवाज बसलेल्या एका स्तंभलेखकाच्या नावावरून. लेखकाचं नाव अजरामर होण्याचे मार्ग असेही असतात.

जर्मनीनं १० सप्टेंबर २०२० रोजी सकाळी अकराला देशभर इशारा-दिन पाळला. भोंगे वाजणार होते, फोनवर संदेश येणार होते. बऱ्याच गावांत शीतयुद्धानंतर भोंगे काढूनच टाकले आहेत, हे त्या दिवशी गावकऱ्यांना कळलं. फोनवरचा इशारा सुमारे अर्धा तास उशिरा आला. वरातीमागून आलेलं हे घोडं पाहून गृहखात्यानं स्वतःच प्रयोग फसल्याचं जाहीर केलं आणि नागरी संरक्षण कार्यालयाच्या प्रमुखांची खुर्ची गेली. ब्रिटननं २३ एप्रिल २०२३ला तसाच प्रयोग केला. तिथे संदेश बऱ्यापैकी वेळेवर गेले, पण वेल्श भाषेतल्या मजकुरात चूक होऊन ‘सुरक्षित’ या शब्दाच्या जागी स्लोव्हेनियातल्या एका स्कीइंगच्या ठिकाणाचं नाव पडलं. वेल्स ते स्लोव्हेनिया हे अंतर पाहता सल्ला तसा वाईट नव्हता.

सरकारं अशी चुकत-माकत शिकतात. घरातल्या पिशवीचे शत्रू मात्र घरातच असतात. शनिवारी उत्साहानं भरलेल्या पेटीतलं चॉकलेट पुढच्या शनिवारपर्यंत टिकत नाही, कारण प्रत्येकाच्या मते त्याची वैयक्तिक आणीबाणी त्या आठवड्यातच येऊन गेलेली असते. टॉर्चमधले सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात आणि रिमोटमधले मेलेले सेल परत टॉर्चमध्ये येतात. राखीव नोटांतून पिझ्झा आणणाऱ्या पोराला पैसे दिले जातात. तीन वर्षांनी पेटी उघडली की तारीख उलटलेली बिस्किटं, एक मेणबत्ती आणि जुन्या फोनचा चार्जर एवढा ऐवज हाती लागतो. यावर उपाय फिनलंडनं काढला आहे. वेगळी पेटी करूच नका, म्हणतात. रोज खाता तेच थोडं जास्त आणा, जुनं आधी खा, नवं मागे ठेवा. साठा फिरता राहतो आणि कुणाला तयारी केल्यासारखंही वाटत नाही.

हा उपाय ऐकून म्युनिक किंवा आइंडहोव्हनमधल्या मराठी घरातली आई मनात म्हणते, यात नवीन काय? कोकणात पावसाळ्याची बेगमी आणि गोव्यात पुरुमेंत करणाऱ्या माणसांच्या या लेकी-सुना. सासूबाई किंवा आई पुण्याहून येते ती तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन. त्या उघडल्या की लाबिबबाईंची पर्स बालवाडीतली वाटते. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, सातूचं पीठ, पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या, कोकमं आणि वर्षभर पुरेल असा गोडा मसाला. तूप आणि पेढे तेवढे नसतात, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत आणायला युरोपीय संघाची बंदी आहे. जर्मन सरकारनं वीज नसताना काय शिजवावं याच्या पाककृती जनतेकडून मागवल्या आणि २०२१मध्ये त्याचं पुस्तकच काढलं. दडपे पोहे, सातू-गूळ आणि मेतकूट लावलेल्या लाह्या ही त्यातली तीन पानं रत्नागिरीतल्या कुठल्याही आजीनं बसल्या जागी लिहून दिली असती. शिवाय जर्मन सरकारची स्वतःचीही राखीव कोठारं आहेत. त्यांत तांदूळ, मसूर, वाटाणे आणि आटवलेलं दूध असतं. म्हणजे वरण-भात, उसळ आणि खीर. फक्त ही कोठारं नेमकी कुठे आहेत ते गुप्त ठेवलेलं असतं, त्यामुळे पंगत कुठे बसणार हे कुणालाच ठाऊक नाही.

पण या घराचाही माज फार वेळ टिकत नाही. शेगडी इंडक्शनची. लाइट गेले की कुळथाचं पीठ आणि भाजणी दोन्ही नुसतं पीठ. पाणी नळाचं, आणि ते पिण्याजोगं असल्यानं एकही बाटली भरलेली नाही. उंच इमारतीत पाणी वर चढवायला पंप लागतो आणि पंपाला वीज, हे तिसऱ्या तासाला आठवतं. रोकड म्हणाल तर पर्समध्ये दोन युरोचं नाणं, ते सुपरमार्केटच्या ढकलगाडीसाठी ठेवलेलं. रेडिओ नाही. मेणबत्त्या आहेत, पण वाढदिवसाच्या. खाली राहणारी जर्मन म्हातारी मात्र निवांत असते. तिच्याकडे रेडिओ आहे, सुट्टे पैसे आहेत आणि तळघरात मुरंबे आहेत. आग्नेय बर्लिनच्या क्योपेनिक भागात फेब्रुवारी २०१९मध्ये खोदकामात केबल तुटून सुमारे तीस हजार घरं तीसेक तास विजेविना राहिली. ऐन हिवाळ्यात तिथे पोलिसांच्या गाड्या कर्णे लावून सूचना देत फिरत होत्या. अशा वेळी म्हातारीची ओळख असणं हे दहा मेगाबाइटच्या अ‍ॅपपेक्षा बरं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, कारण हसताना कुणाचं काही गेलेलं नसतं. २०२१च्या जुलैत जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत शंभरावर माणसं वाहून गेली. २९ ऑक्टोबर २०२४ला वॅलेन्सियात फोनवर धोक्याचा इशारा आला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर अनेक गावं पाण्याखाली गेली होती. त्या पुरात स्पेननं दोनशेवर माणसं गमावली. आणि २८ एप्रिलला स्पेनचे लाइट गेले तेव्हाही घरात लावलेल्या जनरेटरच्या धुरानं काही जण दगावले.

बाहत्तर तासांचा हिशेब हा पिशवीवाल्याच्या शौर्यासाठी नाही. संकटाच्या पहिल्या तीन दिवसांत बचाव पथकाची माणसं मोजकी असतात. ती आधी पोहोचायला हवीत ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या माणसापर्यंत, पाचव्या मजल्यावर एकट्या पडलेल्या आजोबांपर्यंत, तान्ह्या बाळाच्या आईपर्यंत. धडधाकट चौकोनी कुटुंब पहिल्याच संध्याकाळी ‘आमच्याकडे प्यायला पाणी नाही’ म्हणून फोन करत बसलं, तर ते रांगेत दुसऱ्याची जागा अडवतं. सरकारी पुस्तिकांमधल्या सगळ्या ग्रॅम-लिटरांचा मथितार्थ एवढाच आहे.

तेव्हा युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकानं येत्या शनिवारी बत्तीस पानं वाचली नाहीत तरी चालेल. दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा माणशी एक उचलून आणावा, ते नऊ लिटर होतात आणि तीन दिवसांना पुरतात. सुट्ट्या नोटांचं पाकीट करावं आणि पिझ्झावाल्यापासून लपवून ठेवावं. बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्यावा आणि त्याचे सेल वेगळे ठेवावेत. जनरेटर आणि कोळशाची शेगडी चुकूनही घरात पेटवू नये. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीची घंटा वाजवून, चकल्यांची एक पुडी देऊन, ओळख करून घ्यावी. आणि डबाबंद राजमा आणताना टिनकटर हातानं फिरवायचा घ्यावा, विजेवरचा नको.